जुनं घर मोडून शहरातल्या मोकळ्या प्लॉटवर न्यायचंय? खर्चाबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमचं आजोबांचं घर संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून मोडून रत्नागिरीत कुवारबावच्या बाजूला मोकळ्या प्लॉटवर उभं केलं, तेव्हापासून ओळखीतल्या-बिनओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा फोन असतोच, आणि प्रश्न तेच ते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मजुरीचे आणि मालाचे आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून "समजा" धरून घेतलेत, तुमच्याकडचा रेट टाकून परत मांडा.

अख्खं घर उचलून ट्रकवर टाकून नेता येत नाही का? व्हिडिओत तर नेतात.

ते अमेरिकेतलं. तिथली जुनी घरं म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर फळ्या, वजनाला हलकी आणि सगळी एकमेकांना ठोकलेली, म्हणून खालून लोखंडी बीम सरकवले, जॅकने उचललं, चाकं लावली की निघालं. सॅन फ्रान्सिस्कोत फेब्रुवारी २०२१ मध्ये १८८२ सालचं एक दुमजली घर असंच सहा ब्लॉक पलीकडे नेलं. हलवायचे आणि परवानग्यांचे मिळून सुमारे चार लाख डॉलर गेले, आणि वाटेतले पार्किंग मीटर काढा, फांद्या छाटा, वरच्या तारा बाजूला करा हे सगळं आलंच. म्हणजे तिथेसुद्धा हे स्वस्तातलं काम नाही, फक्त जमतं.

आपल्याकडे जमतच नाही. आपलं घर जांभ्या चिऱ्याचं, तेही मातीत बांधलेलं. भिंत स्वतःच्या वजनावर उभी असते, खालून उचललीत तर चिरा चिऱ्याला धरून राहत नाही, पोटातून फाटते. शिवाय साध्या ट्रकला कायद्याने रुंदी २.६ मीटरची, आणि आपलं घर पडवी धरून पंचवीस फूट. हायवेपर्यंत पोचणार कसं, आधी वाडीतल्या वळणावरचा गडगा (दगडी कुंपण) कोणाचा पाडणार ते सांगा.

मग ते जॅक लावून घर चार फूट वर घेतात ते काय असतं?

ते वेगळं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणवाल्यांनी हा प्रश्न फार विचारला. त्यात घर आहे तिथेच वर घेतात, फार तर थोडं सरकवतात, एका गावातून दुसऱ्या गावात नेत नाहीत. सिमेंटमध्ये बांधलेल्या, खाली प्लिंथ बीम असलेल्या घराला ते चालतं. मातीतल्या जांभ्याला तो प्रयोग करू नका.

म्हणजे "घर हलवणं" म्हणजे नेमकं काय हलवायचं?

लाकूड आणि कौलं. बस. खांब, तुळया, भाल (वाशांखालची आडवी तुळई), आढं (छपराच्या माथ्यावरचं लाकूड), वासे, माळ्याच्या फळ्या, दारं, खिडक्या, देवघराची चौकट, झोपाळ्याच्या कड्या. हे सगळं जुन्या सुतारांनी कुसू (लाकडाचं कोरून काढलेलं टोक) आणि भोक करून, लाकडी खुंट्या मारून जोडलेलं असतं, त्यामुळे खुंटी काढली की सांधा सुटतो आणि दुसरीकडे परत बसतो. ज्या घरात नंतर कोणीतरी सहा-सहा इंची खिळे ठोकून "दुरुस्ती" केलीय तिथे लाकूड फाटतं, तेवढा माल वजा धरा.

हे काही आपण पहिल्यांदा करत नाही. मणिपालचं हेरिटेज व्हिलेज, चेन्नईजवळचं दक्षिणचित्र, तिथली जुनी घरं अशीच मूळ गावात सुटी करून आणून परत उभी केलेली आहेत. बघून या, विशेषतः मणिपालचं, कारण तिथला पाऊस आपल्यासारखाच आहे.

चिरे का नाही न्यायचे? आजोबांच्या हातचे आहेत हो.

माझाही जीव त्यातच अडकला होता. मग एका रविवारी वहीत हिशोब मांडला, तो असा. घर ४० बाय २५, म्हणजे हजार फूट. बाहेरच्या आणि आतल्या भिंती धरून साधारण २२० फूट लांबी, उंची दहा फूट, जाडी पंधरा इंच. दारं-खिडक्या वजा जाता अडीच हजार घनफूट भिंत. एक चिरा पंधरा बाय नऊ बाय सात इंच धरला तर चार हजाराच्या वर चिरे होतात, एकेकाचं वजन ३०-३५ किलो, म्हणजे १४० टन झाले. नऊ-दहा टन नेणाऱ्या ट्रकच्या चौदा-पंधरा खेपा, फक्त भिंतीसाठी.

आता लाकूड बघा. तीनशे घनफूट साग, एका घनफुटाला १८ किलो, म्हणजे साडेपाच टन. कौलं, उतरतं छप्पर दीड हजार फूट धरलं तर मंगलोरी कौलं एकवीसशेच्या आसपास, एक कौल अडीच ते तीन किलो, तीही सहा टनाच्या आसपासच. दोन्ही मिळून तीन खेपा (वजनात दोन बसतील, पण लांब वासे आणि कौलं एकत्र कोंबू नका, मी कोंबली होती, शंभरेक कौलांचा चुरा झाला).

तर तीन खेपांत घराची सगळी किंमत येते आणि पंधरा खेपांत फक्त वजन येतं. रत्नागिरीत पाय ठेवाल तिथे चिरेखाण आहे, जांभ्याच्या गावाला जांभा नेण्यात काय अर्थ. हां, एक गोष्ट मात्र खरी, जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेवर घट्ट होत जातो, त्यामुळे जुना चिरा नव्यापेक्षा टणक लागतो. म्हणून मी शंभर-दीडशेच आणले, पुढच्या दर्शनी जोत्याला आणि पायऱ्यांना. तेवढ्याने घराचं तोंड आजोबांचंच वाटतं. मातीत बांधलेले चिरे सुटे निघतात, सिमेंट लावलेले निघताना तुटतात, तेव्हा कुठली भिंत कशात बांधलीय ते आधी बघा.

बरं, एकूण किती लागतात ते सांगा ना.

सांगतो, वरच्याच हजार फुटांच्या घराचं. मेस्त्री दिवसाला ११००, गडी ६५० समजा.

मोडायचं काम: दोन मेस्त्री, सहा गडी, पंधरा दिवस. ९१ हजार ५००. हे घाईत जेसीबीने दोन दिवसांत होतं, पण मग तुमच्याकडे घर नाही, सरपण उरतं.

ट्रक: तीन खेपा, खेपेला नऊ हजार धरा, २७ हजार. चढवणं-उतरवणं २० हजार.

लाकडाची डागडुजी आणि परत उभारणी: तीन मेस्त्री, तीन गडी, चाळीस दिवस, २ लाख १० हजार. खांबांचे बुंधे आणि भिंतीत गाडलेली तुळयांची टोकं बहुतेक गेलेली असतात, आणि काही वासे. त्यासाठी ५० घनफूट नवीन साग, ३५०० ने पावणेदोन लाख.

नवीन भिंती: नऊ इंचीच घातल्या तर अडीच हजार चिरे पुरतात, जागेवर पोच ४५ रुपये धरला तर १ लाख १२ हजार, वर गवंडी, सिमेंट, वाळू दोन लाख.

पाया, जोतं आणि आरसीसीचे पट्टे साडेचार लाख. फरशी, गिलावा, वायरिंग, नळ, दोन संडास-बाथरूम, सेप्टिक टँक साडेपाच लाख. आर्किटेक्ट, परवानगी, फिया एक लाख.

बेरीज एकोणीस ते साडेएकोणीस लाख. त्यात ट्रकचे किती? २७ हजार! लोक फोनवर पहिलं विचारतात "ट्रकवाला किती घेतो", आणि तो या सगळ्यात स्वस्तातलाच माणूस असतो. पैसा जातो दोन्ही टोकांना, इकडे मोडताना आणि तिकडे जोत्याला. प्रवास फुकटच धरा.

एवढ्यात तर नवीन स्लॅबचं घर होईल की!

होईल. हजार फूट, दोन हजार रुपये फुटाने, वीस लाख. जवळजवळ तेवढेच. म्हणून पैसे वाचवायला हा उद्योग करू नका, वाचत नाहीत. पण स्लॅबच्या घरात तीनशे घनफूट जुना साग घालायचा म्हटलं तर लाकडाचेच साडेदहा लाख वर द्यावे लागतील, आणि एवढा पक्का, साठ-सत्तर वर्षं वाळलेला माल वखारीत सहज मिळत नाही. म्हणजे त्याच पैशात तुम्हाला असं घर मिळतं जे नव्याने बांधायला तीस लाख लागले असते. हे पटत असेल तर पुढचं वाचा. नसेल तर स्लॅब टाका, त्यात कमीपणा काही नाही.

आणि जर तुमच्या घरात साग नाहीच, सगळा रायवळ (मिश्र, साधा जंगली) माल, वासे पोफळीचे-बांबूचे, तर हिशोब सरळ उलटा होतो. नका नेऊ.

माझ्या घरातलं लाकूड नेण्यालायक आहे की नाही कसं कळणार?

मेस्त्री घेऊन जा आणि आधी वाईट जागा बघा, चांगल्या जागा कोणीही दाखवतो. कोनवासे, म्हणजे छपराच्या कोनात पाणी येतं तिथले. खांब जिथे जमिनीला टेकतो तिथे वरपासून खाली हातोडीने ठोकत या, भद्द आवाज आला की आत वाळवी. न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेली तुळई. चुलीवरचा माळा मात्र बहुधा ठणठणीत निघतो, वर्षानुवर्षं धूर खाल्लेला असतो ना.

साग, ऐन, किंजळ, फणस हे सगळे चालतात. फणसाला लोक उगाच नाकं मुरडतात, आमच्या माजघराची दारं फणसाची आहेत, रंग असा चढलाय की पाहुणे पॉलिश कुठलं विचारतात. बारीक पीठ पडत असेल तर भुंगा आहे, औषध मारून सहा महिने बघा. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला लावायची आपली पद्धत आहेच, फक्त हातमोजे घाला, चटका बसला की कातडं सोलतं.

शंभरातली सत्तर लाकडं चांगली असतील तर न्या. निम्मी गेली असतील तर सोडा.

नंबर टाकतात म्हणतात ते कसं?

प्रत्येक लाकडावर दोन्ही टोकांना, आणि कागदावर नकाशात तोच नंबर. आम्ही पहिल्यांदा खडूने टाकले. आम्ही शहाणे. दिवाळीच्या आधी एक अवकाळी सर आली आणि सगळे वासे भाऊ-भाऊ झाले, मग चार दिवस मेस्त्री एकेक कुसू भोकात घालून बघत बसला, ते चार दिवस पगारी. दुसऱ्यांदा पत्र्याचे छोटे तुकडे नंबर ठोकून सांध्याच्या आतल्या बाजूला बारीक चुकेने लावले, ते आजही काही ठिकाणी तसेच आहेत. जुन्या सुतारांच्या स्वतःच्या छिन्नीच्या खुणा दिसतील, त्या पुसू नका, त्या तुमच्या नंबरापेक्षा खात्रीच्या. फोटो काढा, पण मोडायच्या आधी आणि प्रत्येक थर उतरवल्यावर. कौलं, मग रिपा, मग वासे, मग आढं, मग तुळया, शेवटी खांब.

कधी काढावं काम?

गणपती झाले, पाऊस सरला की मोडायला घ्या आणि मेअखेर छप्पर घालून मोकळे व्हा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडं लाकूड अंगणात असेल तर रडायची वेळ येते. मध्ये शिमग्याला गडी आठ-दहा दिवस गायब, मग आंबा काढायला निम्मे बागांत. ते दिवस हिशोबातच धरा, चिडून उपयोग नाही, तुम्हीही पालखीला जाणारच आहात.

घरापर्यंत गाडी जात नाही, पाखाडीने (दगडी पायऱ्यांच्या वाटेने) खाली उतरायला लागतं.

मग ट्रकपेक्षा माणसं महाग पडणार. सहा टन कौलं डोक्यावरून पाखाडी चढवायची म्हणजे एका खेपेला आठ-दहा कौलं, दोनशेच्या वर खेपा. मजुरीच्या आकड्यात निदान आठवड्याची भर घाला. वीस-बावीस फुटी वासे वळणावर फिरत नाहीत, ते कधीकधी शेजाऱ्याच्या आगरातून काढावे लागतात, त्याला आधी विचारा, नारळ-पेढे घेऊन जा. वासा मध्ये कापायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाला कामावरून काढा.

वाटेत कोणी अडवतं का?

सागाचं लाकूड भरलेला ट्रक म्हटल्यावर अडवणारच. लाकडाच्या वाहतुकीवर वनखात्याचं नियंत्रण आहे, जुनं असलं तरी ते नाक्यावरच्या माणसाला कसं कळणार. म्हणून मोडायच्या आधी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन काय कागद लागतो ते विचारा, आणि ग्रामपंचायतीचं पत्र, घराचा असेसमेंट उतारा, उभ्या घराचे फोटो, लाकडांची यादी हे सगळं ड्रायव्हरजवळ द्या. चिरे नेत असाल तर गौण खनिजाची पावती विचारू शकतात, तेव्हाही हेच फोटो कामाला येतात.

शहरात परवानगी "जुनं घर" म्हणून सोपी मिळते का?

नाही. तिकडे ते नवीन बांधकामच. प्लॉटवर घर बांधायला चालतं का, रस्ता किती रुंद, सामासिक अंतर किती सोडायचं, सगळं नव्यासारखं. आणि इथेच लोक अडकतात. दोन गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे २१७८ चौरस फूट, समजा ५० बाय ४३. त्यात ४० बाय २५ चं घर चारी बाजू सोडून बसवायचं म्हटलं की लांबीत मार बसतो. आम्हाला एक खण (दोन खांबांमधला गाळा) कमी करावा लागला. खण कमी करणं तसं सोपं, कारण जुनं घर खणांतच बांधलेलं असतं, पण कुठला खण गाळायचा यावर घरात दोन महिने भांडण झालं. (ओटीचा गाळला. आई अजून बोलून दाखवते.)

प्लॉट कातळावर असेल तर पाया स्वस्त पण सेप्टिक टँकच्या खड्ड्याला ब्रेकर लागतो. भाताचं खाचर भरून केलेला असेल तर भराव आणि पाया मिळून जोत्याचा आकडा दीडपट होऊ शकतो, स्वस्त प्लॉट बघून उडी मारू नका. आणि जोत्याला, दारांच्या वर आणि भालीखाली आरसीसी पट्टा घालाच. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हलली तेव्हा इकडची घरंही हलली होती, म्हाताऱ्या माणसांना विचारा.

समुद्राजवळ प्लॉट आहे, चालेल?

आधी सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशा बघा. शहर हद्दीत किनाऱ्यावर नवीन बांधकाम साधारणपणे आधीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूलाच होतं. घर शंभर वर्षं जुनं आहे हे तिथे कोणी ऐकत नाही, कारण त्या जागेवर ते शून्य वर्षांचं आहे.

घर सामायिक आहे, चुलते-चुलतभाऊ मुंबईत.

हा खरा खर्च, फक्त तो रुपयांत लिहिता येत नाही. सगळ्यांच्या सह्या लेखी घ्या, मोडायला हरकत नाही आणि लाकूड कोणाच्या वाट्याला हे दोन्ही. बारा वर्षं न फिरकलेला दादा पहिली कौलं उतरल्याचं कळताच रातराणीने येतो. आमच्याकडे तडजोड अशी झाली की झोपाळा मोठ्या काकांकडे ठाण्याला गेला, आणि पुढच्या दाराची जोडी कोणीच कोणाला देऊ देईना म्हणून ती घरालाच राहिली, देवाची कृपा.

आणि मोडल्यावर गावातली जागा? चौथरा मोकळा दिसला की हक्काचे वाद उगवतात. मोडायच्या आधी पंचनामा करून घ्या, घरपट्टीवरच्या नोंदीचं काय करायचं ते ग्रामपंचायतीत विचारून लेखी ठेवा, चौथऱ्यावर निदान एक पत्र्याची खोली आणि तुळस राहू द्या.

हायवेच्या रुंदीकरणात घर जातंय. भरपाई मिळाली, लाकूड नेता येईल?

निवाड्याचा कागद वाचा, मोडीव सामान कोणाचं ते आधीच लिहून घ्या आणि मुदत मागून घ्या. नीट मोडायला पंधरा दिवस लागतात आणि मशीन आलं की दुपारपर्यंत संपतं. मुंबई-गोवा हायवेच्या कडेला अशी किती घरं दुपारपर्यंत संपली.

बँक लोन देते का? जीएसटी?

बँक नवीन बांधकामाच्या एस्टिमेटवर बघते, तुमच्या सागाची किंमत तिच्या लेखी शून्य धरून चला. जीएसटीचं म्हणाल तर स्वतःच्या एका घराचं निव्वळ मजुरीचं कंत्राट असेल तर लागत नाही, माल-मजुरी एकत्र दिलीत तर १८ टक्के. म्हणून माल आपण आणायचा.

देवाधर्माचं काय?

आमच्याकडे आधी देवळातला कौल घेतला, मगच छपरावरचं कौल उतरवलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देव ताटात घालून मीच मांडीवर घेऊन गाडीने आणले, नवीन घरात वास्तुशांत केली. गणपती पहिल्या वर्षी कुठे बसवायचा यावर मात्र अजून एकमत नाही, सध्या चौथऱ्यावरच्या त्या पत्र्याच्या खोलीत बसतो आणि सगळे गावी जातो.

वखारवाला अख्ख्या घराचे एकरकमी पैसे देतोय, देऊन टाकू?

मेस्त्रीकडून घनफूट मोजून घ्या आणि मगच बोला. वखारवाले बहुतेक वेळा पुढचं दार, कोरीव खांब आणि देवघराची चौकट एवढ्यावर डोळा ठेवून अख्ख्या घराचा भाव सांगतात, बाकीचं त्यांना फुकटात पडतं. विकायचंच असेल तर या तीन गोष्टी यादीतून बाहेर काढून भाव विचारा, आकडा कसा खाली येतो ते बघा. आणि पूर्ण घर नेण्याइतके पैसे नसतील तर स्लॅबच्या घराला पुढे फक्त जुनी पडवी जोडा, सहा खांब, एक भाल, वीसेक वासे, चारशे कौलं. एका ट्रकमध्ये येतं सगळं, आमच्या शेजाऱ्यांनी तसंच केलंय, आणि संध्याकाळी आमच्या घरातली माणसंसुद्धा तिथेच जाऊन बसतात.